लाकडी जहाजाचं पहिलं किट: खानदेशच्या हवेत सांगाड्यापासून दोरांपर्यंत

आधी हवा, मग लाकूड

लाकडी जहाजाचं किट, म्हणजे जहाजाची छोटी प्रतिकृती घरी जोडायचा संच, उघडायला खानदेशात सगळ्यात चांगला काळ दिवाळी ते होळी. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते आणि त्याच वेळी घरात कूलर धो धो चालू असतो. एकाच घरात दोन हवामानं होतात: कूलरच्या खोलीत दमट, शेजारच्या खोलीत भट्टी. किटमधल्या पट्ट्या बहुधा लाइमवूड किंवा बासवूड या मऊ लाकडांच्या असतात आणि ही लाकडं ओल पटकन घेतात, पटकन सोडतात.

ओल घेतली की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ५ मिमी रुंदीची पट्टी दमट हवेतून कोरड्या हवेत आली की साधारण ०.१ मिमी आकसते. एका पट्टीचं हे काहीच नाही. पण जहाजाच्या एका बाजूला १८ पट्ट्या लागल्या तर पावणेदोन मिमीच्या आसपास हिशेब जातो आणि तो फटींच्या रूपात बाहेर येतो. कूलरच्या झोतात बसून चिकटवलेली बाजू कोरड्या खोलीत नेली की दोन-चार दिवसांत फटी दिसू लागतात. मग दोष फेविकॉलला दिला जातो. फेविकॉलचा त्यात काही संबंध नसतो.

आखाजीच्या सुट्टीतच करायचं असेल तर पट्ट्या प्लास्टिकमधून काढून कामाच्या खोलीत आठवडाभर मोकळ्या ठेवा, कूलर दुसऱ्या खोलीत चालू द्या आणि काम पहाटे किंवा रात्री करा. पावसाळ्यात उलट. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, म्हणून पोटाच्या पट्ट्या लावू नका. ते दिवस डोलकाठ्या, छोटे सुटे भाग आणि दोरकामाला ठेवा. वार्निश तर पावसात नकोच.

कोणतं किट घ्यावं

नजर आधी तीन डोलकाठ्यांवर आणि तोफांच्या रांगांवर जाते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून उभी आहे. तिचे फोटो पाहिले की आपल्यालाही अशी फ्रिगेट, म्हणजे तीन डोलकाठ्यांची युद्धनौकाच, हवी असं वाटणं साहजिक आहे. ती तिसऱ्या-चौथ्या किटला ठेवा. १०४ तोफांच्या 'व्हिक्टरी'चं किट पहिलं म्हणून आणलं तर खोकं माळ्यावर जाणार हे जवळजवळ ठरलेलं. तोफेची एक खिडकी नीट चौकोनी कापायला जो वेळ लागतो, त्याला शंभराने गुणून बघा.

पहिल्यासाठी एक किंवा दोन डोलकाठ्यांचं जहाज, तयार लांबी ४० ते ६० सेमी, प्रमाण १:५० किंवा त्याहून मोठं. ऑक्रे कंपनीचं 'पोलारिस' नवख्यांसाठी म्हणूनच काढलेलं आहे, १:५० प्रमाणात. मॉडेल शिपवेज कंपनीचा तीन होड्यांचा संच आणखी सावकाश शिकवतो: आधी १:२४ ची डोरी, मग १:१२ ची छोटी नॉर्वेजियन प्रॅम, मग १:२४ ची लॉबस्टर स्मॅक. होडीत दोरकाम फारसं नसल्याने सगळं लक्ष पट्ट्यांवर राहतं, म्हणून आमचं मत या संचाकडे झुकतं. मात्र दिवाणखान्यात ठेवायला 'जहाज' हवं असेल तर तो मन भरत नाही, हेही खरं.

पट्ट्यांचा एकच थर असलेलं किट सोपं वाटतं, पण पहिल्या खेपेला दोन थरांचं घ्या. आतला थर जाड, सुमारे १.५ मिमी, आणि बाहेरचा अक्रोड किंवा तत्सम लाकडाचा ०.५ ते ०.६ मिमी. आतल्या थरातली चूक लांबीने (लाकडाच्या पुट्टीने) भरता येते, घासता येते आणि वरून झाकली जाते. एकाच थराच्या पोटावर ती कायमची दिसते.

विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून सूचनापुस्तिका उतरवून वाचा. पायरीपायरीचे फोटो असतील तर घ्या. नुसते नकाशे आणि दोन पानं इंग्रजी असेल तर थांबा. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच किंमत काढा. फारच स्वस्त बेनामी किटांत नकाशे झेरॉक्सचे असतात आणि पट्ट्या वाकवताना कटकन मोडतात.

प्रमाणाचा हिशेब डोक्यात ठेवा. १:५० म्हणजे खऱ्या जहाजावरचा १ मीटर इथे २ सेमी. १७० सेमी उंचीचा खलाशी ३.४ सेमीचा. असा एक खलाशी पुठ्ठ्यातून कापून टेबलावर ठेवला की कठडा फार उंच झाला, जिना फार उभा झाला, हे लगेच कळतं.

हत्यारं सराफ बाजारात

पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिल-दांडा), अर्ध्या मिमीची ड्रिल, सुईएवढ्या कानशी, बारीक टोकाचे चिमटे, भिंग, पितळी तार हे सामान साध्या हार्डवेअरच्या दुकानात शोधत फिरू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारला सराफ बाजाराच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं असतात, तिथे हे सगळं मिळतं आणि छंदाच्या दुकानापेक्षा टिकाऊ मिळतं. सोनाराची बारीक पात्याची आरीही घ्या. प्लायचे भाग तिने फार स्वच्छ सुटतात.

बाकी यादी छोटी आहे. पाती बदलता येणारा कटर आणि भरपूर पाती, ३० सेमीची स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, १२०, १८०, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे दोन डझन, बाइंडर क्लिप, रबरबँड, टाचण्या. लाकडी चिमट्याचे दोन्ही भाग सुटे करून उलटे जोडले की त्याचा जबडा लांब आणि चपटा होतो, पट्टी दाबायला तो नेमका बसतो. सुमारे २० सेमी लांबीच्या, सरळ, चपट्या लाकडी पट्टीवर १२० नंबरचा पेपर चिकटवून एक घासपट्टी करा. बोटांनी पेपर धरून घासलं तर खड्डे पडतात.

गोंद दोनच: साधं फेविकॉल एसएच आणि थोडं फेविक्विक. खरी जोडणी फेविकॉलने. फेविक्विक पट्टीचं टोक पकडून ठेवण्यापुरतं वापरा. ते ठिसूळ असतं, धक्का बसला की सांधा सुटतो आणि आजूबाजूच्या लाकडावर पांढुरकी वाफ बसते. उन्हाळ्यात फेविकॉलवर मिनिटभरात साय धरते. बाटलीच्या झाकणात थेंब-थेंब घ्या, झाकणावर ओलं फडकं ठेवा. फेविकॉलचा चुकीचा सांधा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थोड्या वेळाने सुटतो, फेविक्विकचा अ‍ॅसिटोनने.

सांगाडा: जहाज इथेच ठरतं

खोक्यातून प्लायचे भाग सुटे करण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर टाका. मधला उभा कणा आणि त्याच्या खाचांत बसणाऱ्या आडव्या फासळ्या, एवढाच हा सांगाडा. सुटे केल्यावर दोन सारख्या दिसणाऱ्या फासळ्यांत फरक एखाद-दोन मिमीचा असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही.

कणा काचेवर आडवा ठेवून बघा. प्लाय प्रवासात वाकतो. कडेखाली पोस्टकार्ड सरकत असेल तर कणा हलका ओलसर करून दोन काचांमध्ये वजनाखाली दोन दिवस ठेवा. वाकडा कणा पुढे कशानेही सरळ होत नाही. पट्ट्या लावून सरळ होईल ही आशा सोडा.

लेझरने कापलेल्या कडा काळ्या असतात. खाचांमधला काळा थर हलक्या हाताने घासा, कारण जळलेल्या लाकडावर गोंद धरत नाही. जास्त घासलात तर खाच सैल होईल. फासळीच्या बाहेरच्या कडेचा काळा थर मात्र तसाच राहू द्या, थोड्याच वेळात त्याचा उपयोग आहे.

सगळ्या फासळ्या आधी बिनगोंदाच्या बसवा. प्रत्येक फासळीचा वरचा कडा कण्याच्या वरच्या कडेशी मिळतो का बघा, डेकची प्लाय टाकून बघा. सगळं जमलं की एक-एक फासळी फेविकॉलने बसवा आणि गुण्या लावून कण्याशी काटकोन तपासा. दोन फासळ्यांच्या मध्ये काटकोनात कापलेले लाकडाचे ठोकळे अडकवले तर सुकेपर्यंत कोन हलत नाही. जहाज ज्या स्टँडवर उभं करायचं त्याच्या स्क्रूची भोकं याच टप्प्यावर कण्यात पाडून घ्या. तयार पोटात ड्रिल घालताना हात थरथरतो, आणि थरथरलाच पाहिजे.

नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, पहिल्या दोन फासळ्यांमध्ये कण्याच्या दोन्ही बाजूंनी भरीव ठोकळे घाला. तिथे पट्टी सगळ्यात जोरात वळते आणि टाचणी टोचायला काही नसतं. त्यासाठी बाल्सा हे मऊ, हलकं लाकूडच हवं असं नाही, पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन चालतं. सागाचे तुकडे खानदेशात कोणत्याही सुताराकडे मिळतात, पण सागवान इथे नको. ते फासळ्यांच्या प्लायपेक्षा कडक, घासताना प्लाय आधी झिजतो आणि ठोकळा उंच राहतो.

आता कडा उतरवणं. पोट पुढे आणि मागे निमुळतं होत जातं, त्यामुळे फासळीची कड सरळ काटकोनी ठेवली तर पट्टी तिच्या एका धारेवरच टेकते. नाळेकडच्या फासळ्यांची पुढची धार उतरवायची, पिछाडीकडच्यांची मागची. मधल्या दोन-तीन फासळ्यांना जवळजवळ काहीच नाही. घासपट्टी एकाच वेळी दोन-तीन फासळ्यांवरून जाईल अशी धरा आणि पट्ट्या ज्या दिशेने जाणार त्या दिशेने चालवा. काळ्या कडेकडे लक्ष ठेवा. एका बाजूने काळेपणा कमी होत जातो. मधल्या फासळीकडच्या धारेवर काळी केसाएवढी रेघ शिल्लक असताना थांबा. ती रेघही गेली तर तुम्ही जहाजाचा आकारच बदलायला लागलात.

दर पाच मिनिटांनी एक सुटी पट्टी घेऊन नाळेपासून पिछाडीपर्यंत हाताने धरून बघा. ती प्रत्येक फासळीच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. कुठे पूल होत असेल, म्हणजे एका फासळीवर टेकतच नसेल, तर तिथे पातळ पट्टीचा तुकडा चिकटवून उंची वाढवा. कुठे टेकडी होत असेल तर घासा. हे वरपासून खालपर्यंत पाच-सहा ठिकाणी, दोन्ही बाजूंनी. दोन-तीन संध्याकाळी या कामात गेल्या तर योग्य चाललं आहे. घाई करणारे हेच टाळतात आणि मग पोटावर पट्ट्यांचे कोपरे दिसतात.

पिछाडीला एक हिशेब आणखी. समजा कणा ५ मिमी जाड आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी १.५ आणि ०.५ मिमीचे दोन थर येणार, म्हणजे ४ मिमी. कण्यामागे जो सुकाणूचा खांब लागतो तोही ५ मिमीचा. कणा मागे पातळ केलाच नाही तर पट्ट्यांसकट तो ९ मिमी होतो आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी पायरी दिसते. म्हणून नकाशात दाखवलेल्या वळणरेषेपासून मागच्या कडेपर्यंत कणा उतरता घासून कडेला दीड-दोन मिमीवर आणा. उरलेला फरक पट्ट्यांची टोकं आतून पातळ करून भरून काढायचा. पटाशी लावू नका, प्लायचे थर उखडतात.

पट्ट्या: आधी मोजमाप, मग गोंद

सगळ्या पट्ट्या सारख्याच रुंदीच्या लावत गेलात तर नाळेकडे त्या एकमेकींवर चढतात आणि पिछाडीला फाटतात. कारण साधं आहे: पोटाचा घेर सगळीकडे सारखा नसतो. म्हणून मोजा. कागदाची अरुंद पट्टी मधल्या फासळीवर डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत लपेटून खूण करा. समजा ९० मिमी भरले. ५ मिमीच्या पट्ट्या, तर १८ लागतील. आता नाळेजवळच्या फासळीवर तेच मोजा, समजा ५८ मिमी. ५८ भागिले १८ म्हणजे ३.२ मिमी. प्रत्येक पट्टी तिथे एवढी रुंद असली पाहिजे. पिछाडीला समजा १०८ मिमी, म्हणजे प्रत्येकीला ६ मिमी हवे आणि पट्टी तर ५ चीच. कमी पडणारे १८ मिमी पाचरीच्या आकाराच्या तीन-चार जादा तुकड्यांनी भरायचे. हे तुकडे खऱ्या जहाजांवरही असत, त्यात कमीपणा नाही.

मर्यादा एक: पट्टी निम्म्यापेक्षा अरुंद करू नका. ५ मिमीची पट्टी २.५ च्या खाली गेली की टाचणीने चिरते आणि टोकाला वळत नाही. हिशेब २.५ च्या खाली जात असेल तर नाळेकडे दोन पट्ट्यांच्या जागी एकच न्या.

प्रत्येक फासळीवर ही विभागणी पेन्सिलीने मारून घ्या, दोन्ही बाजूंना. पट्टी निमुळती करायची तर चार-पाच एकत्र क्लिपने बांधून स्टीलच्या पट्टीला लावून कटरने हलके-हलके कापा आणि शेवटी घासपट्टीवर मिळवा. कापताना लाकडाच्या रेषा कुठे पळतात ते बघा. रेषेसोबत पातं आत शिरायला लागलं तर दुसऱ्या टोकाकडून कापा.

वाकवणं. १.५ मिमीची पट्टी कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं, ०.५ ची फक्त दोन-तीन मिनिटं. मग वळणाला जुळेल अशा डब्यावर किंवा बाटलीवर बांधा आणि पूर्ण वाळू द्या. ओली पट्टी थेट चिकटवायचा मोह आवरा. ओली असताना ती फुगलेली असते, शेजारच्या पट्टीशी घट्ट बसते आणि रात्रभरात आकसून फट सोडते. आपल्याकडे मेमध्ये तासाभरात वाळते, जानेवारीत रात्रभर ठेवा. पट्टी रुंदीच्या दिशेने वळवायची असेल, म्हणजे सपाट पडून उजवी-डावीकडे, तर ओली पट्टी पाटावर क्लिपांनी वळणात अडकवून वरून कोरडी गरम इस्त्री फिरवा. एका दमात होत नाही. दोन-तीन वेळा, दर वेळी थोडं.

लावण्याचा क्रम: डेकच्या कडेला लागून पहिली पट्टी, नकाशातल्या जागेवर. एक डावीकडे, लगेच तशीच एक उजवीकडे. एकाच बाजूला चार-पाच लावून टाकल्या तर त्यांच्या ओढीने सगळा सांगाडा केळ्यासारखा वाकतो. जळगावकरांना आकार वेगळा समजावून सांगायला नको. प्रत्येक पट्टीच्या मागे फासळीला आणि शेजारच्या पट्टीच्या कडेला फेविकॉलची बारीक रेघ, चिमटे आणि टाचण्यांनी दाब, अर्धा-पाऊण तास थांबा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. किटमधल्या पितळी टाचण्या ठोकण्याआधी अर्ध्या मिमीचं भोक पाडा, निम्म्याच आत घाला आणि गोंद सुकल्यावर काढून टाका. आत राहिल्या तर घासताना पेपर फाडतात.

वरून चार-पाच पट्ट्या झाल्या की पोट उलटं करून कण्याला लागून तळाची पट्टी लावा. इथे नवख्यांचा ठरलेला घोटाळा होतो: ही पट्टी पुढे नाळेवर वर चढवली जाते. तिचं पुढचं टोक पहिल्या-दुसऱ्या फासळीच्या आसपास खालीच थांबलं पाहिजे. ती वर चढली की तिच्या पुढच्या प्रत्येक पट्टीला रुंदीच्या दिशेने जबरदस्तीने वळावं लागतं आणि मधल्या भागात पुरी न पडणारी डोळ्यासारखी मोकळी जागा उरते. तळाची पट्टी बसली की वरून आणि खालून आळीपाळीने भरत शेवटची फट मध्ये कुठेतरी आणा. शेवटच्या पट्टीसाठी फटीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्या आणि तो छाप पट्टीवर कापा.

एखादी पट्टी बसत नसेल तर बोटाने दाबून धरू नका. जोर लावून बसवलेली पट्टी आज ना उद्या उचलते. काढा, पुन्हा वाकवा, पुन्हा लावा.

पहिला थर पूर्ण झाल्यावर एक दिवस राहू द्या आणि मग घासा: १२०, १८०, २४०. खड्डे फेविकॉलमध्ये कालवलेल्या त्याच लाकडाच्या भुशाने किंवा बाजारच्या लाकडाच्या लांबीने भरा. रात्री दिवा बंद करून टॉर्च पोटाला समांतर धरा, उजेडात न दिसलेला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. दुसरा थर अर्ध्या मिमीचा, खालचं काहीही लपवत नाही.

दुसऱ्या थराला पुन्हा तीच मोजमापं. या थरात टाचण्या नाहीत. मधल्या भागात फेविकॉल आणि दोन्ही टोकांना फेविक्विकचा एक-एक कण, अर्धं मिनिट दाबून धरा. या पट्ट्यांवर गोंदाचा डाग राहिला तर पॉलिशचा रंग तिथे धरत नाही आणि फिकट ठिपका कायम राहतो. घासायला २४० पासून सुरुवात करा. १२० ने अर्ध्या मिमीची पट्टी पार होते आणि खालचं पांढरं लाकूड डोकावतं.

डेक

डेकचं काम सोपं आहे, फार वेळ घालवू नका. खऱ्या जहाजावर डेकची फळी साधारण ६ ते ७.५ मीटरची असे, म्हणजे १:५० ला १२ ते १५ सेमीचे तुकडे. प्रत्येक तुकड्याची एकच कड आणि एकच टोक मऊ, ४बी पेन्सिलीने काळं करा. दोन्ही कडा काळ्या केल्या तर रेघ दुप्पट जाड दिसते. शेजारशेजारच्या ओळींत सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, तीन-चार ओळींनी पुन्हा तीच जागा. मधल्या रेषेपासून सुरुवात करून बाहेर जा. घासताना पेन्सिलीची पूड पसरते, म्हणून स्टीलच्या पट्टीची धार आडवी धरून खरवडलं तर डेक स्वच्छ राहतं.

डोलकाठ्या

किटमधल्या गोल काठ्या काचेवर लोळवून बघा. डगमगली ती वाकडी. ती बदला किंवा परबाणासाठी, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्यासाठी, तुकडे करून वापरा. ६ मिमीची काठी टोकाला ४ मिमी करायची तर आधी रंध्याने किंवा कटरने चार बाजू उतरत्या, मग आठ, मग गोल. ड्रिल मशीन असेल तर काठीचं एक टोक मास्किंग टेप गुंडाळून चकात धरा, मंद गतीने फिरवा आणि फडक्यात धरलेल्या पॉलिश पेपरने निमुळती करा. पेपर तापतो, फडकं लागतंच. डोलकाठी बहुतेक जहाजांत किंचित मागे झुकलेली असते, किती ते नकाशात आहे. बसवताना समोरून ओळंबा लावून बघा, ती डावी-उजवीकडे झुकलेली चालत नाही.

दोर

कपाशीच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण किटमधला सुती दोरा बाजूला ठेवा. त्याला लव असते, १:५० ला ती दोरावर उगवलेल्या झुडपांसारखी दिसते. शिवाय सुती दोर ओल्या हवेत आखडतो आणि पावसाळ्यात बारीक डोलकाठीचं टोक ओढून वाकवतो. शिलाईच्या दुकानातला पॉलिस्टरचा दोरा तीन जाडींत घ्या. डोलकाठी तोलून धरणारे स्थिर दोर गडद तपकिरी किंवा काळे, कारण खऱ्या जहाजांवर त्यांना डांबर लावत. शिडं ओढणारे हलते दोर फिकट भुरे. मधमाशीच्या मेणावरून एकदाच ओढून घ्या. जास्त मेण लावलं तर आपल्याकडची धूळ तिथे बसते ती निघत नाही.

आधी स्थिर दोर, मग हलते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलणाऱ्या श्राउडची पहिली जोडी उजवीकडे, दुसरी डावीकडे, अशी आळीपाळीने. एका बाजूच्या सगळ्या आधी ओढल्या की डोलकाठी तिकडे झुकते. तीन भोकांच्या लाकडी चकत्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं यावं म्हणून तारेचा छोटा यू करून दोन चकत्यांत अडकवा आणि त्या मापाने बांधा.

श्राउडवरच्या शिडीच्या पायऱ्या, म्हणजे रॅटलाइन, खऱ्या जहाजावर ३३ ते ३८ सेमी अंतरावर असत. १:५० ला सुमारे ७ मिमी. कागदावर ७ मिमीच्या रेघा मारून तो श्राउडच्या मागे लावा. कडेच्या श्राउडला पक्की गाठ, मधल्यांना स्काउटमध्ये शिकवतात ती क्लोव्ह हिच. खालून वर सलग बांधत गेलात तर बाहेरचे श्राउड आत ओढले जाऊन मध्ये कंबर पडते. म्हणून आधी दर पाचवी पायरी बांधा, मग मधल्या भरा. गाठींना फेविक्विक नको, ते चमकतं आणि दोर तिथून मोडतो. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, ब्रशच्या टोकाने. टोकं दुसऱ्या दिवशी कापा.

शिडं पहिल्या जहाजाला लावूच नका. किटमधल्या शिडांचं कापड जाड असतं, शिलाई प्रमाणाच्या मानाने राक्षसी दिसते आणि एवढ्या कष्टाने बांधलेलं दोरकाम झाकलं जातं.

शेवटचा हात आणि पेटी

वार्निश मॅट घ्या, पातळ करून दोन हात. लाखेचं पॉलिश किंवा सँडिंग सीलर पावसाळ्यात लावलं तर हवेतल्या ओलीने पांढुरका धुरकट थर येतो. रंगाच्या आणि वार्निशच्या वेळी मात्र कूलर-पंखा दोन्ही बंद ठेवा, धूळ उडते.

खानदेशातल्या उन्हाळी वाऱ्यात उघडं जहाज महिन्याभरात करडं होतं आणि दोरांमधली धूळ झटकता येत नाही. फर्निचरवाल्याकडून ४ मिमी काचेची पेटी करून घ्या. आतली जागा जहाजाच्या सगळ्यात बाहेर येणाऱ्या टोकापेक्षा चारही बाजूंनी किमान ४ सेमी आणि वर ५ सेमी जास्त. मागच्या बाजूला तळाशी दोन-तीन बारीक भोकं ठेवा. बंद पेटीत लाकडातून आणि रंगातून सुटणारी आम्लाची वाफ साठते आणि शिसं असलेल्या ओतीव धातूच्या तोफा-नांगरांवर पांढरी पूड येऊ लागते. भोकांवर आतून मलमलीचा तुकडा चिकटवला की हवा खेळते, धूळ येत नाही.